बारावी मात्रा

दर गुरुवारी साडेचारला नरहर खांबेटे स्कूटर काढायचा आणि लखनौच्या अलीगंज भागात विक्रमकडे जायचा. डिकीत एक रबरी पॅड, ड्रमच्या दोन काठ्या आणि विक्रमच्या बायकोसाठी, मीनाक्षीभाभींसाठी, काहीतरी, कधी पेरू, कधी खारी बिस्किटं. मनीषा दारात उभी राहून म्हणायची, "आज तरी मिळते का बघ." नरहर हेल्मेटचा पट्टा लावत मान हलवायचा. त्या मान हलवण्यात हो होतं की नाही, हे तीस वर्षं संसार करूनही तिला कळायचं नाही.

मिळवायची होती ती एक चाल. अठरा मिनिटांची. ती आता जगात फक्त विक्रम श्रीवास्तवच्या डोक्यात होती, आणि दिवाळीनंतर विक्रमला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं. पण समोर कुणी ताल धरला की जुन्या गाण्याची ओळ शब्दांसकट त्याच्या तोंडून बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोक्यात बोलण्याची जागा वेगळी असते आणि गाण्याची वेगळी.

नरहर ड्रमवाला. अडतीस वर्षं बँडमध्ये बसूनही त्याला एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती. कीबोर्डवाला मॅसी त्याला सांगायचा, "नरहरि, तू गुनगुनाया मत कर यार, विक्रम की गिटार उतर जाती है." लखनौवाल्यांपैकी कुणीही त्याला नरहर म्हटलं नाही, सगळ्यांनी शेवटी एक इकार लावून दिला. तर त्या अठरा मिनिटांतले शब्द नरहरपाशी होते, मोजणी होती. चाल नव्हती. आणि ती रचना त्याच्या आईवर होती.

नरहरचे वडील रेल्वेत इंजिनिअर. भुसावळहून बदली होऊन आले आणि चारबाग स्टेशनजवळच्या रेल्वे कॉलनीत त्यांना क्वार्टर मिळालं. आई, सरला, हिला लखनौची हिंदी कधी फारशी बोलता आली नाही. तिने या शहराकडून दोनच गोष्टी घेतल्या, एक थंडी आणि दुसरं विणकाम. शेजारच्या विभाचाची हिंदीत नमुना सांगायच्या, तीन सीधे, तीन उल्टे. आई तो आधी मराठीत करून घ्यायची आणि मगच तिचे हात चालायचे. तिचा आवडता नमुना अकरा टाक्यांचा होता. "तीन सुलट, तीन उलट, तीन सुलट, दोन एकत्र." उन्हात बाज टाकून ती हे पुटपुटत बसायची. कॉलनीतल्या बायका हसायच्या, "बहनजी मंतर पढ़ रही हैं, आज किसी की खैर नहीं." नरहर बाजेजवळ बसून दहा नंबरच्या जादा सुयांनी पत्र्याची ट्रंक बडवायचा. तीन, तीन, तीन, दोन. अकरा ही त्याच्या कानाला वाकडी संख्या कधी वाटलीच नाही. बारावर येऊन थांबणारं सगळं त्याला जरा जास्तीचं वाटायचं.

तो सतरा वर्षांचा असताना, मार्चमध्ये, आई भावाच्या लग्नाला भुसावळला गेली. परतीच्या दिवशी वडील लाइनवर होते, म्हणून तिला आणायला नरहर चारबागला गेला. गाडी दोन तास उशिरा आली. तो बायकांच्या डब्यासमोर उभा राहिला. माणसं उतरली, होल्डॉल उतरले, हमाल आत जाऊन बाहेर आले. मग झाडूवाला एका दारातून चढला आणि दुसऱ्या दारातून उतरला. डबा रिकामा होता.

नरहर चालत घरी आला. कॉलनीच्या फाटकाशी विभाचाची मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून विचारलं, "अम्मा आ गईं, बेटा?"

"आई नाही," नरहर म्हणाला.

"आई नहीं? अरे, तो गाड़ी छूट गई होगी. कल आ जाएँगी. ले, मटर खा."

त्याने मटार खाल्ले. तासाभराने वडिलांच्या ऑफिसातून रेल्वेच्या फोनवर निरोप आला. सरलाबाईंना छातीत कळ आली म्हणून झाशीला उतरवून घेतलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला त्या गेल्या. म्हणजे फाटकाशी तो ते दोन शब्द बोलला तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते.

विभाचाचींशी तो कधी मराठीत बोलत नसे. त्या दिवशी का बोलला? की तो हिंदीतच बोलला होता, आणि 'नहीं'चं 'नाही' फक्त त्याच्याच कानाला ऐकू आलं? हे कोडं घेऊन तो मोठा झाला. कुणाला विचारण्यासारखं ते नव्हतंच.

पुढे युनिव्हर्सिटीत विक्रम भेटला. अलीगंजातला कायस्थांचा मुलगा, लांब बोटांचा, स्वतःला 'हम' म्हणणारा. त्याच्या दुबईच्या काकांनी कॅसेटी आणल्या होत्या, परदेशी बँडांच्या. एकेक गाणं कॅसेटची सबंध बाजू खाऊन टाकायचं. मध्येच ताल बदलायचा, मध्येच बासरी यायची, पाच-पाच मिनिटं कुणी गायचंच नाही. विक्रमच्या गच्चीवरच्या खोलीत चार पोरं त्या कॅसेटी झिजवत बसायची. विक्रम, मॅसी, बेस वाजवणारा नागपूरचा नंदकुमार आणि नरहर. त्यांनाही तसंच काहीतरी करायचं होतं. एक दिवस नरहरने ट्रंकेवरचा अकराचा ठेका वाजवून दाखवला. विक्रम गिटार खाली ठेवून म्हणाला, "अमाँ यार, यह कहाँ से लाए?"

"आईकडून," नरहर म्हणाला.

बँडचं नाव तिथेच ठरलं, 'ग्यारह'. पहिल्या कार्यक्रमात सूत्रसंचालक म्हणाला, "लड़के चार, नाम ग्यारह! बाकी सात क्या फील्डिंग कर रहे हैं?" सभागृह हसलं. त्या संध्याकाळी लोकांना बँडकडून मिळालेला तेवढाच आनंद.

'आई नाही' ही अठरा मिनिटांची रचना त्यांनी दोन हिवाळे खपून बांधली. फलाटावरची वाट पाहणं, रिकामा डबा, फाटक, फोन, असे तिचे चार तुकडे. शब्द नरहरचे, मराठीत. चाल विक्रमची. विक्रम प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घ्यायचा आणि तळहातावर बॉलपेनने लिहायचा. "'आई' माने माँ. पक्का? हमारे यहाँ तो यह आने-जाने वाली चीज़ है." तालमीत चौघेही एका आवाजात मोजायचे, तीन सुलट, तीन उलट, तीन सुलट, दोन एकत्र. मॅसीला कित्येक महिने ते संस्कृत वाटत होतं. आपण विणतोय हे कळल्यावर तो पोट धरून हसला.

पूर्ण रचना लोकांसमोर तीनदाच झाली. तिसऱ्या वेळी नरहरचे वडील येऊन शेवटच्या रांगेत बसले होते. रचना संपली तेव्हा सभागृहात माणसं थोडी आणि खुर्च्या फार, असं चित्र होतं. वडील बाहेर आले, चष्मा पुसला, म्हणाले, "लांब झालं रे." आणि सायकलरिक्षा करून घरी गेले.

मग नोकऱ्या आल्या. नरहर बँकेत चिकटला. चौघांची लग्नं होत गेली. आणि हज़रतगंजच्या एका हॉटेलात शनिवारी संध्याकाळी वाजवायला मिळेल असं निघालं. मॅनेजरने अठरा मिनिटांतली सहा ऐकली आणि अदबीने हात वर केला. "भाई साहब, माशाअल्लाह. मगर लोग यहाँ खाना खाते हैं. रुलाइए, पर ज़रा हल्के से."

गच्चीवरच्या खोलीत विक्रमने अठरातली चार मिनिटं तेवढी कापून घेतली. फाटकाचा तुकडा तेवढा ठेवला, त्याची ओळ गोड होती. 'आई नाही'चं 'आई नहीं' करायला काहीच लागलं नाही, एक 'ना' तेवढा 'न' झाला. आई गेली आणि तिच्या जागी न आलेली कुणी प्रेयसी येऊन उभी राहिली. पण अकरावर लोकांची पावलं अडखळायची. एक मात्रा वाढवायला हवी होती. विक्रमने तीवर 'वो' ठेवून पाहिला. आई नहीं वो. ओळ एकदम पाळण्यासारखी झुलायला लागली. नंदकुमारने मान डोलावली, मॅसीनेही. विक्रम मात्र गिटार थांबवून बसला.

"नरहरि, तू बोल. गाना तेरा है."

नरहर सत्तावीस वर्षांचा होता. आपलं काहीतरी कुणीतरी शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच त्याला त्या घडीला हवं होतं.

"चालेल," तो म्हणाला.

आणि ते चाललं. लग्नाच्या रिसेप्शनांत, थर्टी फर्स्टच्या पार्ट्यांत, बँकेच्या वार्षिक समारंभात, पुढे मॉलमधल्या रेस्टॉरंटांत. 'ग्यारह' म्हणजे ती हळुवार गाणी म्हणणारी मंडळी, असं शहरात झालं. ताल बदलणं, पाच मिनिटं न गाणं, हे हळूहळू त्यांच्याच हातांतून गेलं. लोक त्या एका गाण्याची चिठ्ठी पाठवत आणि जोडपी उठून नाचत. नरहर मागे बसून बाराचा ठेका धरायचा आणि दर ओळीच्या शेवटी बारावा ठोका जरासा दाबून वाजवायचा, जणू तो पडलाच नाही. श्रोत्यांत कुणाला हे कधी कळलं नाही. विक्रमला कळायचं. त्या क्षणी तो किंचित मागे वळून बघायचा.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत मॅसी गेला. नंदकुमार मुलाकडे कॅनडाला निघून गेला. उरलेले दोघे कधीमधी वाजवत राहिले. शेवटचं वाजवलं ते नरहरच्या मुलीच्या, अपूर्वाच्या साखरपुड्यात, दिवाळीच्या आठ दिवस आधी. गाणं संपल्यावर अपूर्वा नव्या साडीत धापा टाकत आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"बाबा, आज तो बताना पड़ेगा. वो कौन थी?"

"होती एक," नरहर म्हणाला.

"हाय! मम्मी, सुन रही हो?"

मनीषा पाहुण्यांना आइस्क्रीम देत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मला ठाऊक आहे कोण ते. आपल्या हॉलमध्ये फोटो आहे तिचा, हार घातलेला."

अपूर्वा हसत सुटली. तिला तो आईचा टोमणा वाटला. नरहर मात्र बायकोकडे बघत राहिला. त्याने तिला कधीच सांगितलं नव्हतं.

सामान गाडीत चढवताना विक्रम म्हणाला, "नरहरि, एक बार लंबी वाली करते हैं. पूरी. हमें एक-एक सुर याद है, कसम से. फ़ोन पर भर लेंगे, बस. अम्मा की चीज़ है, ऐसे थोड़े ही छोड़ देंगे."

नरहरचे खांदे दुखत होते. "करेंगे. सर्दी निकल जाने दो."

थंडी सुरू व्हायच्या आतच विक्रम पडला.

त्यानंतर नरहरने सगळं धुंडाळलं. तालमीची एक कॅसेट होती, ती मीनाक्षीभाभींनी माळ्यावरून काढून दिली. तिच्यावर विक्रमच्या आईने, कोणे एके काळी, सत्संग भरून ठेवला होता. नरहरने तो पूर्ण ऐकला. सत्संग संपला, खरखर झाली आणि मग टेपच्या शेपटाला जुने चाळीस सेकंद शिल्लक निघाले. त्यात विक्रम नव्हता, मॅसी नव्हता. होता तो नुसता ड्रम. तीन, तीन, तीन, दोन. त्याला जे हवं होतं ते पुसलं गेलं होतं आणि जे त्याच्यापाशी आधीपासून होतं तेच तेवढं टेपने सांभाळून ठेवलं होतं.

म्हणून हे गुरुवार. नरहर पलंगाजवळ स्टूल ओढायचा, मांडीवर पॅड घ्यायचा, उशाशी फोन रेकॉर्डिंगला लावायचा आणि अकरा धरायचा. वाटायचं, ठेका कानात गेला की त्यामागून चाल येईल, जशी दोरीमागून बादली. विक्रम ऐकायचा. त्याचा डावा डोळा चमकायचा. तोंड उघडायचं, आणि यायची ती हॉटेलातली ओळ. आई नहीं वो. पुन्हा आई नहीं वो. बारा. तीस वर्षं शनिवार-शनिवार गायलेली ओळ विक्रमच्या आत सगळ्यांत खोल जाऊन बसली होती, तिच्याखालचं काही वर येत नव्हतं. नरहर अकराला हट्टाने धरून राहिला की विक्रम चुकायचा, चिडायचा, डाव्या हाताने चादर ओढायचा. एकदा तर रडला. मीनाक्षीभाभी आतून येऊन म्हणाल्या, "भैया, आप इनसे माँगते क्या हैं? जो है वही तो दे रहे हैं."

काल कॅनडाहून नंदकुमारचा फोन आला होता. "नरहर, मी खूप आठवून पाहिलं रे. मला चार मिनिटांचंच येतं आता. मोठं काहीतरी होतं एवढं आठवतं. कसं होतं ते नाही आठवत."

आज मे महिन्याचा गुरुवार. नरहर पोचला तेव्हा गल्लीत दिवे गेलेले, खोलीत पंखा बंद. पडदे उन्हासाठी लावून घेतलेले, त्यामुळे आत अंधार होता. मीनाक्षीभाभींनी विक्रमच्या अंगावरचा बनियन बदलला होता आणि त्या बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात मेणबत्ती शोधत होत्या. नरहरने पॅड मांडीवर घेतला. फोन खिशातून काढला, हातात धरला आणि परत खिशात ठेवला.

चाल आता येणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. सहा महिने तो एका आजारी माणसाला ओढत होता. आज ओढायचं नाही. पूर्वी गच्चीवर ते एक खेळ करायचे. एकाने अकरा धरायचे, दुसऱ्याने बारा, आणि कुणी कुणासाठी थांबायचं नाही. पहिल्या ठोक्याला दोघं बरोबर निघत, मग फाटत जात, अंतर वाढत जाई, आणि एकशे बत्तिसाव्या मात्रेनंतर दोघांची पहिली मात्रा पुन्हा एका जागी पडे. तिथे पोचलं की मॅसी ओरडायचा, "दोन एकत्र!" मराठीत त्याला ती मोजणीच तेवढी येत होती.

नरहरने ठेका सुरू केला. विक्रमने तोंड उघडलं. आई नहीं वो.

पहिल्या ओळीनंतरच एका मात्रेचं अंतर पडलं. दुसरीला दोन. विक्रम थबकला, त्याने नरहरकडे पाहिलं. नरहरने मान हलवली, तुझं तू चालू दे. विक्रम पुढे निघाला. त्याचा आवाज अर्धा वारा, अर्धा सूर. चौथी ओळ. पाचवी. नरहरच्या काठ्या त्याच्यापासून लांब लांब जात होत्या, फलाटावरून गाडी सुटावी तशा, पण गती दोघांची एकच. सातव्या ओळीला विक्रमला दम लागला. गेल्या गुरुवारी तो इथेच थांबला होता. नरहरने ठेका हळू केला नाही. आठवी आली. नववी. दहावीत 'वो' नुसताच श्वास होऊन बाहेर पडला. नरहर ओठांतल्या ओठांत मोजत होता, आकडे नव्हे, सुलट आणि उलट. अकराव्या ओळीच्या शेवटी तो शेवटच्या दोन टाक्यांवर आला, आणि विक्रमचा बाराव्या मात्रेवरचा श्वास आणि त्याचा अकरावा ठोका बरोबर संपले.

पुढच्या मात्रेवर दोघे एका जागी होते. विक्रमने होता नव्हता तेवढा जीव गोळा केला.

"आई," तो गायला.

आणि थांबला. पुढचं 'नहीं' आलं नाही, 'वो' आला नाही. ओठ उघडेच राहिले. नरहरच्या काठ्या हवेत थांबल्या. ती दमलेल्या माणसाची अर्धी राहिलेली ओळ होती, की गच्चीवरच्या विक्रमने तळहातावर लिहून घेतलेला तो शब्द, हे विक्रमच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्याचा डावा हात चादरीवर उताणा पडला होता.

आतून मीनाक्षीभाभींनी विचारलं, "आई? लाइट आई क्या, भैया? इधर तो अँधेरा ही है."

नरहरने वर बंद पंख्याकडे पाहिलं.

"आई नाही," तो म्हणाला.

"आई नहीं? चलो, आ जाएगी." काडेपेटीचा आवाज झाला. "आप बैठिए, हम चाय चढ़ाते हैं."

नरहरने काठ्या स्टुलाखाली ठेवल्या आणि विक्रमचा तो उताणा हात उचलून आपल्या हातात घेतला. तळवा कोरा होता, घामाने ओला. बाहेर कुणाच्या तरी जनरेटरची धडधड सुरू झाली. नरहर सवयीने मोजू लागला, पण ती मोजण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने मोजणं सोडलं आणि नुसता बसून राहिला.